सुईचं टोक

सुई मोडली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. हे तिला नेमकं ठाऊक होतं, कारण त्या दिवशी ती सकाळपासून घड्याळाकडे बघत होती. आवाज काही फार मोठा झाला नाही. कुणी बोटं मोडावीत तसा, कट्, एवढाच. पण हॉलमध्ये चाळीस मशीनं एकदम चालू असली तरी आपल्या मशीनचा तेवढा आवाज बाईला ऐकू येतोच. तिचा पाय पायडलवरून आपोआप उचलला गेला. लहान मुलीच्या फ्रॉकची गोल कॉलर अर्धी शिवून झाली होती. दोरा मोकळाच लोंबत होता, आणि सुईच्या जागी नुसता बुंधा राहिला होता. तिच्या उजव्या हाताला काजं करणारी बाई बसायची. तिचं तोंड क्षणभर बंद नसे म्हणून सगळे तिला बडबडी म्हणत. ती त्याच वेळी “आई गं, काय चावलं!” म्हणाली, मनगट झटकलं, आणि पुन्हा कामाला लागली. कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. ताईने हात वर केला.

तिला कारखान्यात सगळेच ताई म्हणत, तिच्याहून मोठ्या असलेल्या बायकासुद्धा. घरी भाऊ ताई म्हणायचा, भावजय ताई म्हणायची, आणि अकरा वर्षं एकाच खुर्चीवर बसून कॉलरी लावता लावता ती इथेही ताईच होऊन गेली होती. सुई मोडली की काय करायचं ते समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मशीन बंद करायचं. हात वर करायचा. जागा सोडायची नाही. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधायचे, ते सुईवाल्या काकांकडे द्यायचे, काका ते कागदावर जोडून चिकटवणार, मगच नवी सुई. एखादा तुकडा सापडला नाही तर तो सापडेपर्यंत बाई जागेवरच. मुलांचे कपडे होते, त्यामुळे याबाबतीत कुणाचंही काही चालत नसे. पॅकिंगजवळ लोखंड ओळखणारं एक यंत्र होतं खरं, पण ते महिनाभर बिघडून पडलं होतं आणि त्याच्यावर बायका डबे ठेवत होत्या.

सुपरवायझर आला. दिवसातून शंभर वेळा तो ‘चला चला’ म्हणायचा, म्हणून बायकांनी त्याचं नावच चला-चला ठेवलं होतं.

“किती तुकडे?”

“तीन झालेत. बुंधा मशीनमध्ये आहे, मधला हा. टोक नाही.”

“टोकच नाही?”

“शोधतेय.”

“शोधा, शोधा. चला चला.”

“साहेब, मला साडेचारला निघायचंय. सकाळी बोलले होते मी.”

“मग टोक द्या आणि निघा की. मी काय धरून ठेवलंय का तुम्हाला?”

तो खरंच तिला धरून ठेवत नव्हता. तो तिथे थांबलासुद्धा नाही. ती खुर्चीतून उठून खाली वाकली आणि सुईवाल्या काकांनी पाठवलेला लोहचुंबक फरशीवरून फिरवायला लागली. चुंबकाला धूळ आणि केस लागले, एक जुनी टाचणी लागली. मशीनखालची तेलाची पन्हाळी पाहिली. बॉबिनची पेटी उघडून पाहिली. फ्रॉक उलटा केला, सुलटा केला, कॉलर दोन बोटांत धरून इंच इंच चाचपली. तिच्या गठ्ठ्यातले सगळे तीस फ्रॉक एकेक करून पाहिले. मागच्या बाईने येऊन तिचे केस सोडले, विंचरल्यासारखी बोटं फिरवली आणि परत बांधले. “कपडे झटका बरं ताई,” ती म्हणाली, आणि भर हॉलमध्ये ताई उभी राहून अंगावरचे कपडे झटकू लागली तेव्हा तिला वाटलं, आपल्याकडे चाळीस जणी बघताहेत. प्रत्यक्षात एकही बघत नव्हती. सगळ्यांच्या माना खाली होत्या. तिच्या सुईमुळे पुढचं काम अडलं होतं आणि ते सगळ्यांना भोवणार होतं.

वाईट याचं वाटत होतं, की सुई मोडणार हे तिला सकाळीच कळलं होतं. नवी सुई कापडातून सुर्रकन जाते, तिचा वेगळा असा आवाज नसतो. या सुईचा सकाळपासून टक् टक् आवाज येत होता, म्हणजे ती कापड टोचत नव्हती, ठोकत होती. चहाच्या सुट्टीत तिने सुईचं टोक अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढून पाहिलं होतं. चांगलं टोक नखावरून घसरतं. याने पांढरी रेघ ओढली. अकराच्या सुमाराला दोन टाके सुटले. कॉलरीच्या टोकाशी, जिथे कापडाचे चार पदर एकावर एक येतात, तिथे दोरा पिंजायला लागला. एवढं सगळं झाल्यावर शिकाऊ पोरीनेही हात वर केला असता. आणि मशीनला लटकवलेल्या कार्डावर तर रोज सकाळी ‘सुई बदलली’ असं लिहून तिची सही असायची. त्या दिवशीचीही होती. पण मोठी मागणी आल्यापासून सुया रोज मिळेनाशा झाल्या होत्या. आधी एक दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी. सह्या तेवढ्या रोजच्या रोज. मध्येच सुई मागायची तर चला-चलाला सांगा, तो वैतागणार, मग काकांच्या खिडकीपाशी उभं राहा, जुनी सुई द्या, नवी घ्या, पाव तास गेलाच. पाव तास गेला की काम मागे पडणार, आणि काम मागे पडलं की साडेचारला जाऊ देणार नाहीत. म्हणून ती सुईला म्हणाली, चालतेय ना अजून? मग चल.

हे तिच्या आईचं बोलणं. आई घरी लोकांचे कपडे शिवायची आणि मोडेपर्यंत सुई बदलायची नाही. वाकली तर पकडीने सरळ करायची. आवाज आला तर तेल घालायची. “चालतेय ना अजून?” एवढंच म्हणायची, आणि ते फक्त सुईबद्दल म्हणायची असं नाही. ताईला एकदा एक स्थळ आलं होतं, बरं होतं. तेव्हा भाऊ आठवीत होता आणि वडील जाऊन वर्ष झालं होतं. आई म्हणाली, त्याची शाळा होऊ दे, काय घाई आहे, चाललंय ना आपलं. शाळा झाली. मग त्याला नोकरी लागू दे. मग त्याचं लग्न. मग आई आजारी पडली आणि गेली, आणि नंतर भावाला एकामागून एक दोन मुली झाल्या. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. कुणी तिला अडवलं नव्हतं. आज मागे वळून ती बघायची तेव्हा तिला रागवायला एक माणूस सापडत नसे. भाऊ तर आल्यागेल्यासमोर म्हणायचा, “ताई होती म्हणून मी आहे.” भावजय शांत होती, कधी उलटून बोलली नाही, तिच्यासाठी चहा झाकून ठेवायची. दोन खोल्यांत पाच माणसं. ताई स्वयंपाकघरात झोपायची. थोरली भाची तिथेच अभ्यास करायची, म्हणून तिची वही मिटेपर्यंत आत्याने डोळे मिटायचे नाहीत, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी अंथरूण गुंडाळून ठेवायचं. कपाटातला एक खण तिचा. तक्रार करायला जागा नव्हती, आणि तिला हवी होती ती जागाच.

गेल्या महिन्यात तिने एका खोलीची पाटी पाहिली होती. कुणाला सांगितलं नाही. दोनदा त्या घरावरून नुसतीच गेली. तिसऱ्या वेळी बेल दाबली. मालकीणबाई म्हणाल्या, खोली दाखवीन, पण मंगळवारी या, साडेपाचच्या आत, नंतर एक जोडपं बघायला येणार आहे, त्यांना आवडली तर मी त्यांना देऊन टाकणार. आज मंगळवार होता. आणि ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसून, घड्याळात सव्वाचार वाजलेले असताना, तिळाएवढा लोखंडाचा तुकडा शोधत होती.

टेबलाखाली अंधार होता आणि तिथे तिला बरं वाटलं. वरून मशीनांचा आवाज लाकडातून अंगात उतरत होता. इथेच बसून राहावं, कुणी हाक मारली तरी ओ देऊ नये, असं तिला वाटलं. मग हात टेबलाच्या खालच्या बाजूला लागला आणि बोटांना चिकटपट्टी जाणवली. ती पट्टी तिथे आहे हे तिला ठाऊक होतं, आणि खाली वाकल्यापासून आपला हात तिकडेच जात होता हेही तिला तेव्हा कळलं. आठ वर्षांपूर्वी शेजारी एक जाडजूड बाई बसायची. नोकरी सोडून जाताना तिने ताईला कागदाची एक पुडी दिली होती. पुडीत एका जुन्या सुईचं मोडकं टोक. “ठेव. अडलीस की दे काढून, आणि सुट. सगळ्याजणी ठेवतात.” ताईला तेव्हा त्या बाईची किळस आली होती. पण तिने पुडी टाकून दिली नव्हती. टेबलाखाली पट्टीने चिकटवून ठेवली होती.

“सापडलं,” ती टेबलाखालून म्हणाली. आवाज इतका साधा निघाला की तिलाच आश्चर्य वाटलं.

सुईवाल्या काकांची खोली म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातली जाळीची खिडकी. आत दिवा, भिंग, चिमटा, आणि सुयांचं कुलूपबंद कपाट. काकांची नजर कारखान्यात प्रसिद्ध होती. कापडावरचं भोक बघून ते सुईचा नंबर सांगायचे. त्यांनी पांढऱ्या कागदावर बुंधा ठेवला, मधला तुकडा ठेवला, चिमट्याने टोक उचलून त्याला लावलं आणि भिंग वर धरलं. मधला तुकडा तिरपा मोडला होता. टोक सरळ मोडलेलं होतं. तिला नुसत्या डोळ्यांनी ते दिसत होतं. काका भिंगातून बघत राहिले. मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि तिन्ही तुकड्यांवर पट्टी चिकटवून बोटाने नीट दाबली.

“सही करा,” ते म्हणाले. “नवी सुई उद्या घ्या. आज तुम्हाला जायचंय ना.”

त्या दिवसातली तिची ही दुसरी खोटी सही.

ती जवळजवळ धावतच गेली. पाच वाजता बेल दाबली. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका असाव्यात, वेळेवर आल्याबद्दल त्यांनी तिला शाबासकी दिल्यासारखं पाहिलं. जिना चढताना प्रश्न चालू होते.

“एकट्याच राहणार?”

“हो.”

“येणारं-जाणारं कुणी?”

“भाऊ येईल कधीतरी.”

“भाऊ असताना वेगळ्या कशाला राहता? असू दे, मला काय करायचंय. बघा निवांत. मी खाली आहे.”

खोली लहान होती. एक खिडकी, भिंतीतलं एक कपाट, कोपऱ्यात नळ आणि मोरी. चुना नुकताच दिलेला. ताईने दार लोटून घेतलं आणि मधोमध उभी राहिली. हे क्षण तिने महिनाभर मनात घोकले होते. इथे उभं राहिल्यावर काय वाटेल, आधी काय करायचं, कुठल्या भिंतीकडे पाय करून झोपायचं. आता ती उभी होती आणि काहीच वाटत नव्हतं. शांतता मात्र खूप होती. इतकी, की तिच्यात दुसरंच काहीतरी ऐकू यायला लागलं. टक् टक्. अकरा वर्षांत तिने किती कॉलरी लावल्या असतील याचा हिशोब नव्हता, पण त्या कॉलरीत कुणाची मान जाते याचा विचार तिने कधी केला नव्हता. कॉलर म्हणजे कॉलर होती, दोन वळणं आणि एक टोक. आता तिला मान दिसायला लागली. धाकटी भाची वर्षाची असताना तिच्या मानेला घड्या पडायच्या, त्यात दुधाचा वास असायचा, अंघोळ घालताना एकेक घडी उघडून पुसावी लागायची. असं मूल रडायला लागलं तर आई काय बघेल? भूक लागली का बघेल. पोट दुखतंय का बघेल. अंग तापलंय का बघेल. खांद्यावर घेऊन थोपटेल, आणि जितकं जवळ धरेल तितकं ते जास्त रडेल. कॉलरीत कुणी बघणार नाही. नव्या कपड्यात काय बघायचं? ताईचा हात आपल्याच मानेकडे गेला. खोलीच्या चार भिंती होत्या तिथेच होत्या, पण तिला वाटलं, आपण अजून टेबलाखालीच आहोत, नुसतं टेबल मोठं झालंय.

आणि तेव्हा तिला ऐकू आलं, “आई गं, काय चावलं!” बडबडीने मनगट झटकलं होतं. उजवं की डावं? डावं, म्हणजे ताईच्या बाजूचं. तिच्या मनगटाखाली काजांचा गठ्ठा होता. टोक उडून तिला लागलं होतं आणि तिने झटकलं ते गठ्ठ्यात. इतकं सरळ होतं. मग हे दुपारी का आठवलं नाही? तासभर फरशी पुसून काढली, केस सोडले, तेव्हा का नाही? ती या प्रश्नापाशी थांबली, आणि उत्तर नीट समोर यायच्या आत दार उघडून खाली आली. बडबडीचं नाव घेतलं असतं तर तिचे तीन गठ्ठे उघडावे लागले असते, नव्वद फ्रॉक. साडेचार वाजून गेले असते.

“काय हो? आवडली नाही?” मालकीणबाई म्हणाल्या.

“आवडली. मी घेतली. रविवारी सामान आणते.”

“मग अशा पळता कुठे?”

“कामावर एक राहिलंय.”

पावणेसहाला ती पुन्हा जाळीच्या खिडकीपाशी उभी होती. काका चष्मा पुसत होते.

“काका, ते टोक माझं नव्हतं.”

“चौदा नंबरचं होतं ते,” काका म्हणाले. “तुम्ही अकराने शिवता.”

“तुम्हाला दिसलं होतं?”

“दिसणारच ना. तेवढंच तर काम आहे मला.”

“मग घेतलंत कसं?”

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “अकरा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा लवकर जायचं म्हणालात. घड्याळाकडे असं बघत होतात की मला वाटलं, घरी कुणाचं तरी बरंवाईट असणार. नाहीतर ताई असं करायच्या नाहीत. म्हटलं, जाऊ देत. गठ्ठा तर तपासलाय, टोक फरशीच्या फटीत गेलं असेल.” मग हळूच विचारलं, “बरं आहे ना घरी सगळं?”

“बरं आहे,” ती म्हणाली. खोली बघायला गेले होते, हे तिच्या तोंडून निघेना. एखादं माणूस आजारी असतं तर किती सोपं झालं असतं. “टोक कुठेय ते मला ठाऊक आहे. बडबडीच्या गठ्ठ्यात.”

काका एकदम उठले नाहीत. टेबलावर तो कागद होता, त्यावर खाली त्यांचीही सही होती. त्यांना निवृत्त व्हायला सात महिने उरले होते. टोक सापडलं की कागद खोटा ठरणार, आणि कागद खोटा ठरला की भिंगामागचा माणूस. हे दोघांनाही एकाच वेळी दिसलं. नाही सापडलं तर काय, हेही. काकांनी कपाटाला कुलूप लावलं, चुंबक उचलला.

“चला,” ते म्हणाले.

गठ्ठे धागे कापायच्या टेबलावर गेले होते. बायका निघायच्या तयारीत होत्या, कुणी विचारलं नाही. काका चुंबक फिरवायचे आणि ती फ्रॉक पसरायची. पन्नास झाले, काही नाही. चुंबक लहान होता, आणि टोक दोन पदरांच्या आत शिरलेलं असेल तर त्याला ते ओढलं गेलं नसतं. मग तिने चुंबक बाजूला ठेवायला सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून एकेक फ्रॉक हाताच्या आतल्या बाजूवर, जिथे कातडी पातळ असते तिथे, दाबून ओढायला सुरुवात केली. हात लाल झाला. काका मोजत होते, एकसष्ट, बासष्ट. सदुसष्टाव्या फ्रॉकला, पुढच्या पट्टीत, दुसऱ्या काजाच्या खाली, तिच्या हातावर एक बारीक रेघ उमटली आणि त्या रेघेत रक्ताचा थेंब आला. तिने शिवण उसवली. टोक काजाच्या चिरेतून आत जाऊन दोन पदरांच्या मध्ये अडकलं होतं. तांदळाच्या दाण्याच्या निम्मं.

“सापडलं,” ती म्हणाली. दुपारी म्हटलेलाच शब्द.

“काय सापडलं?” मागे चला-चला उभा होता. “ताई, तुम्ही गेला होतात ना?” त्याने तिच्या तळहातावरचं टोक पाहिलं. “टोक हे इथे आहे, मग काकांनी चिकटवलं ते काय आहे?”

“ते मी दिलं होतं. जुनं होतं माझ्याकडे. मी काकांना फसवलं.”

“काका?” तो वळला. “तुम्ही जोडून पाहिलं नाहीत?”

काकांचं तोंड उघडलेलं तिला दिसलं. ते खरं सांगणार होते. तीस वर्षं त्यांनी कधी चुकीचा तुकडा चिकटवला नव्हता आणि चुकून चिकटवला असं म्हणणं त्यांच्या जिभेवर येत नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. नका ना, एवढंच ती नजरेने म्हणत होती. काकांनी चष्मा काढला.

“पाहिलं,” ते म्हणाले. “पण कळलं नाही. दिसत नाही हल्ली मला.”

“मग सांगायचं ना!” चला-चला हसला. तो कुत्सितपणे हसला नाही, म्हाताऱ्या माणसाशी हसावं तसा हसला, आणि तेच ऐकवेना. “डोळे तपासून घ्या काका. आम्ही तुमच्या भरवशावर इथे.”

काका मान हलवत राहिले.

तिला कामावरून काढलं नाही. ‘परत आलात म्हणून,’ असं चला-चला म्हणाला. पण मशीनवर आता बसवता येणार नाही, उद्यापासून धागे कापायला उभं राहायचं, पुढचं पुढे बघू. ती हो म्हणाली. मग म्हणाली, “साहेब, सकाळी सुई बदललीच नव्हती. कार्डावर सही आहे. सगळ्यांच्याच सह्या आहेत.” त्याने इकडे तिकडे पाहिलं. “चला चला,” तो म्हणाला, “उशीर झाला.” पुढचे चार दिवस सगळ्यांना सकाळी नवी सुई मिळाली. पाचव्या दिवशी मिळाली नाही, आणि सह्या झाल्या. धाग्यांच्या टेबलापाशी उभ्या उभ्या तिला आता चाळीस मशीनं एकदम ऐकू यायची, आणि त्यांतली कुठली ठोकतेय ते ती न बघता सांगू शकायची. एकदा ती जाऊन एका पोरीला म्हणाली, हात वर कर. पोरगी म्हणाली, “ताई, चालतेय अजून.” तिने स्वतःच त्या पोरीचा हात धरून वर केला. चला-चला वैतागत आला.

काकांपाशी ती तोंड दाखवायला गेली तेव्हा ते सुयांची पाकिटं लावत होते.

“माझ्यामुळे तुम्हाला—”

“राहू द्या,” काका म्हणाले. “आंधळं नाहीतर खोटं, दोन्हींतलं एक मला ठरायचंच होतं. माझं वय आहे, आंधळं शोभतं मला.” मग पाकिटं तशीच हातात धरून म्हणाले, “पण तो हसायला नको होता.”

घरी तिने त्याच मंगळवारी, जेवताना सांगून टाकलं. घास भावाच्या हातात तसाच राहिला.

“आमचं काही चुकलं का, ताई?”

“नाही रे.”

“मग कुणी काही बोललं?”

“कुणी काही बोललं नाही.”

“मग कशासाठी?”

कारण असं एक नव्हतंच, सगळी कारणं आत्तापर्यंत दुसऱ्यांची होती. भाची एकदा आत्याकडे आणि एकदा बापाकडे बघत होती. बोलली ती भावजय, आणि ताटाकडे बघत बोलली.

“जाऊ दे की त्यांना. रोज माझ्या ओट्याखाली पाय दुमडून झोपतात त्या. मला रोज रात्री दिवा मालवताना लाज वाटते. तुम्हाला कधी वाटली?”

भाऊ जेवण टाकून उठला. तीन दिवस तो ताईशी बोलला नाही. शनिवारी त्याने न सांगता दोरी आणली. रविवारी सकाळी तिची गादी स्वतः गुंडाळली, बांधली, खांद्यावर घेतली आणि तिच्या पुढे पुढे रस्त्याने चालायला लागला. तिच्या हातात कपड्यांची पिशवी आणि दोन भांडी. चालताना त्याची मान गादीखाली दबून वाकली होती, आणि त्याला टक्कल पडायला लागलंय हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

जिना चढून तिने कुलूप काढलं. आत गेली, पिशवी खाली ठेवली आणि वळली तर तो दाराबाहेरच उभा.

“ये ना आत.”

तो आत आला नाही. घाम पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. त्याने खोलीकडे पाहिलं, चारही भिंतींकडे, खिडकीकडे.

“गादी कुठे ठेवू?” तो म्हणाला.

“ठेव कुठेही.”

“कुठेही काय? तू सांग. तुझी खोली आहे.”

तिने खिडकीखालची जागा पाहिली. तिथे सकाळी ऊन येईल. मग समोरची भिंत पाहिली. मग कपाटाजवळचा कोपरा. कुठल्याच भिंतीला कुणाचं काही नव्हतं, कुठेही ठेवली असती तरी कुणाची अडचण झाली नसती, आणि त्यामुळेच तिला काही केल्या ठरवता येईना. ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेली आणि परत आली.

“लवकर सांग गं,” भाऊ म्हणाला. “जड आहे.”

“असू दे,” ती म्हणाली. “जरा थांब.”